सूनबाईची नोकरी

"तुमच्या धाकट्या सूनबाई काय करतात?" हा प्रश्न गेल्या कांहीं वर्षांत मला किती वेळां विचारला गेला असेल याची गणती नाहीं. मुंजीच्या पंगतींत, बँकेच्या रांगेंत, सकाळीं पर्वतीच्या पायऱ्यांवर, कोणीतरी तो विचारतोच. थोरली सून शाळेंत शिक्षिका आहे; तें सांगावयास मला कधीं अडचण पडली नाहीं. धाकटीविषयीं मात्र "ती दूरध्वनीच्या कंपनींत असते" एवढेंच बोलून मी विषय पालटीत असें. ऐकणाराला ती तेथें कोणी अभियंता असावी असें वाटे, आणि तसें वाटूं देण्यास माझी हरकत नसे. ३६ वर्षें मुलांना सत्य बोलण्याचे धडे देणाऱ्या मास्तरला हें शोभत नव्हतें. तेवढें कबूल करण्यासाठींच आज लेखणी हातीं घेतली आहे.

मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. पुढें कॉलेजांत जाण्यासारखी घरची स्थिति नव्हती. पण वडिलांच्या आग्रहामुळें पाठशाळेंत राहून संस्कृत केलें आणि त्या बळावर एका शाळेंत संस्कृत व मराठी शिकवून २०१६ सालीं निवृत्त झालों. आमचें कुटुंब अद्याप एकत्र आहे. थोरल्या वहिनी, आम्ही उभयतां, दोन मुलगे, दोन सुना व तीन नातवंडें पेठेंतील जुन्या घरांत रहातों. धाकटी सून २०१७ सालीं घरांत आली. मराठी विषय घेऊन पहिल्या वर्गांत बी. ए. झालेली. मला मनांतून फार आनंद झाला. ही पुढें शिकेल, घरांत माझ्यानंतर कोणी पुस्तकांची धूळ झाडणारें राहील, असे माझे मनोरथ होते. सहा महिन्यांनीं तिनें सांगितलें कीं, एका दूरध्वनी-कंपनीच्या ग्राहक-सेवा-केंद्रांत तिला नोकरी लागली आहे. काम काय? तर ग्राहकांचे फोन घ्यावयाचे आणि त्यांच्या तक्रारी ऐकावयाच्या. दुपारच्या पाळीहून परत येतांना रात्रींचे अकरा वाजत. कंपनीची मोटार तिला दाराशीं सोडून जाई.

वहिनी म्हणाल्या, "मराठीची बी. ए. झाली ती काय दिवसभर 'हॅलो, हॅलो' करावयास?" सर्व हंसले. मीहि हंसलों. सूनबाई कांहीं बोलली नाहीं. पानें वाढीत होती ती वाढीत राहिली. त्या वेळच्या माझ्या हंसण्याची आठवण मला आतां सुखाची वाटत नाहीं.

तीन वर्षें तिची नोकरी आमच्या दृष्टीआड चालली होती. मार्च २०२० मध्यें टाळेबंदी आली आणि ती नोकरीच उठून आमच्या घरांत आली. कंपनीनें एका खोक्यांतून संगणक पाठविला, कानाला लावण्याचें यंत्र पाठविलें, आणि घरूनच काम करण्याचा हुकूम झाला. घरांत निवांत खोली एकच, देवघराला लागून असलेली. मधें एक लाकडी भिंत. तेथें सूनबाईनें आपलें टेबल मांडलें. त्यामुळें सकाळीं मी पूजेला बसलों कीं इकडे माझी घंटा आणि तिकडे तिचें "नमस्कार, मी आपली काय मदत करूं शकतें?" अशी जोडी सुरू होई.

पहिल्या दिवशीं माझ्या कानाला खटकलें तें व्याकरण. जेवतांना मीं म्हटलें, "सूनबाई, 'आपली मदत' नव्हे, 'आपल्याला मदत'. तूं तर मराठीची पदवीधर."

ती हंसली. "अण्णा, तें वाक्य छापून आलेलें आहे. माझे कॉल ध्वनिमुद्रित होतात. त्यांतले कांहीं निवडून दुसरा माणूस ऐकतो आणि मला गुण देतो. त्या वाक्यांतला शब्द बदलला तर गुण कापतात. व्याकरण तुमच्याकडे शुद्ध ठेवीन, तिकडे नाहीं."

म्हणजे परीक्षा रोजची होती, आणि परीक्षक अदृश्य. हळूहळू मला त्या कामाची रीत कळूं लागली. एक फोन संपतो न संपतो तोंच दुसरा आपोआप कानांत येतो. किती वेळ बोललें, किती वेळ ग्राहकाला थांबवून ठेवलें, किती वेळ जागेवरून उठलें, सर्वांची नोंद यंत्र ठेवतें. दूरसंचार नियामक प्राधिकरणानें त्या काळीं असा दंडक घातलेला होता कीं, माणसाशीं बोलूं इच्छिणाऱ्या शंभरांतील निदान ९५ ग्राहकांचा फोन ९० सेकंदांच्या आंत माणसानें उचलला पाहिजे. ग्राहकांच्या दृष्टीनें नियम उत्तमच. पण त्या ९० सेकंदांचें ओझें अखेर अशाच मुलामुलींच्या खांद्यांवर येतें, हें मला ठाऊक नव्हतें. तक्रार नोंदली कीं तिला क्रमांक द्यावयाचा. तोहि २०१२ च्या नियमानें सक्तीचा. आणि समोरचा कितीहि बोलला तरी फोन आपण होऊन खालीं ठेवावयाचा नाहीं. अगदीं अभद्र शिव्या आल्या तर ठराविक शब्दांत दोनदां समज द्यावयाची, मगच सुटका.

हें काम फक्त पुण्याचें नव्हे. दूरसंचार-खात्यानें साऱ्या देशाचीं २२ परिमंडळें केलेलीं आहेत. मुंबईचें परिमंडळ निराळें. उरलेला महाराष्ट्र आणि त्याला जोडून गोवा, असें दुसरें. सूनबाईकडे या दुसऱ्या परिमंडळाचे फोन येत. गडचिरोलीपासून काणकोणपर्यंतचा मुलूख त्या लाकडी भिंतीपलीकडे दिवसभर बोलत असे. मला एकच बाजू ऐकूं येई, पण तेवढ्यावरून दुसरी ओळखतां येई. "हो दादा, नेटवर्क नाहीं येऊन राहिलं म्हणतां ना?" म्हणाली कीं पलीकडे वऱ्हाड आहे हें समजे. पलीकडून मालवणी आली कीं हिचाहि हेल किंचित् कोंकणी होई. "माका म्हायत नाय" म्हणणाऱ्या आजोबांना ती कोणता अंक कोठें दाबावा हें पांच वेळां सांगे, आणि पांचव्या वेळींहि आवाज पहिल्या वेळेइतकाच ताजा.

मीं एकदां विचारलें, "तूं 'रिचार्ज मारला' असें काय म्हणतेस? मराठींत भरणा करतात."

तिनें उत्तर दिलें, "समोरचीनें 'मारला' म्हटलें कीं मीहि 'मारला' म्हणतें. मीं 'भरणा' म्हटलें तर तिला वाटतें, आपण कांहीं चुकीचें बोललों. मग ती गप्प बसते आणि खरी अडचण राहून जाते."

वाचकहो, मी ३६ वर्षें 'न' आणि 'ण' मधील भेद शिकवीत आलों. मागील बाकावरचीं किती मुलें माझ्या दुरुस्तीमुळें गप्प बसलीं असतील आणि त्यांच्या किती अडचणी राहून गेल्या असतील, हा विचार तोंवर माझ्या मनाला शिवला नव्हता. शुद्ध बोलणें चांगलेंच. तें शिकविण्याचा मला पश्चात्ताप नाहीं. पण आधीं ऐकावें आणि मग शिकवावें, हा क्रम मी पुष्कळदां उलटा केला होता.

त्या दिवसांत शाळा घरांत भरूं लागल्या होत्या. एका फोनवर तीन भावंडें शिकत आणि महिन्याचे इंटरनेट पंधरा दिवसांत संपे. कोणाच्या शिलकींतून न मागितलेल्या गाण्याचे पैसे कापले गेलेले. कोणी धमकी देई कीं, नंबर तोच ठेवून दुसऱ्या कंपनींत जातों. ही सोय जानेवारी २०११ पासून देशभर झालेली आहे. सूनबाई दिवसाला सत्तर-ऐंशी माणसांचा असंतोष कानांत घेई आणि संध्याकाळीं पोळ्या लाटावयास येई. ती फार बोलत नसे. आम्हांला वाटे, बसून करावयाचें काम, त्यांत थकण्यासारखें काय आहे!

असे दोन महिने गेले. मग ३ जूनचा बुधवार उजाडला.

त्या दिवशीं दुपारीं निसर्ग नांवाचें चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें. श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या पट्ट्यांतील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांचीं छपरें उडालीं, विजेचे खांब मोडले. आमचें मूळ गांव दापोली तालुक्यांतलें. तेथें माझी थोरली बहीण एकटी असते. वय तेव्हां ७४. सकाळीं तिच्याशीं बोलणें झालें होतें. "वारा सुटलाय, पण काळजी करूं नको," म्हणाली. त्यानंतर फोन लागेना. बुधवार गेला, गुरुवार गेला. सूनबाईनें आपल्या पडद्यावर पाहून सांगितलें, "आमच्या कंपनीचे त्या भागांतले मनोरे सारे बंद आहेत." ताईचा फोन दुसऱ्या एका कंपनीचा होता. शुक्रवारीं सकाळीं मीं त्या कंपनीच्या सेवा-केंद्राला फोन लावला.

आधीं यंत्र बोललें. मराठीसाठीं हा अंक, तक्रारीसाठीं तो अंक. मग वाद्य वाजूं लागलें. अखेर एका मुलीचा आवाज आला, अगदीं कोंवळा. मीं ताईचा नंबर सांगितला. ती म्हणाली, "आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहों. त्या भागांतली सेवा तांत्रिक कारणामुळें खंडित आहे. २४ तासांत पूर्ववत् होईल." मीं म्हटलें, हेंच काल दुसऱ्यानें सांगितलें. तिनें तेंच वाक्य पुन्हां म्हटलें. माझा तोल गेला. मी काय काय बोललों तें सर्व येथें लिहवत नाहीं. "पोपटासारखें काय बोलतेस? पगार कशाचा घेतां तुम्ही? तुझ्या घरीं कोणी म्हातारें माणूस आहे कीं नाहीं?" असें ओरडलों. क्षणभर कांहीं ऐकूं आलें नाहीं. मग ती म्हणाली, "आहे, काका." आणि लागलीच, "आपल्या तक्रारीचा क्रमांक लिहून घेतां का?" मीं क्रमांक लिहून घेतला, तोंडानें आणखी कांहीं अपशब्द काढले आणि फोन बंद केला.

घरांत शांतता पसरली होती. नातवंडें दारांत उभीं राहून माझ्याकडे पहात होतीं. त्या शांततेंत लाकडी भिंतीपलीकडून सूनबाईचा आवाज आला. "ऐकतें आहें मी, काका. बोला तुम्ही. नाहीं, फोन ठेवीत नाहीं." पलीकडे माझ्यासारखाच कोणी होता.

मी शाळेंत छडी फारशी वापरली नाहीं, याचा मला अभिमान होता. पण आवाज वापरला होता. वर्गांतल्या मुलाला जागेवरून उठून जाण्याची मुभा नसते, उलट उत्तर देण्याची मुभा नसते; अशा मुलावर ओरडतांना मास्तरला जें बळ चढतें, तेंच बळ त्या सकाळीं माझ्या अंगीं आलें होतें. रस्त्यावरच्या कोणा धटिंगणाशीं मी तसा बोललों असतों काय? बँकेच्या व्यवस्थापकाशीं? मुळींच नाहीं. ती मुलगी फोन ठेवूं शकत नाहीं, हें मला आतां पक्कें ठाऊक होतें; आणि ठाऊक असूनहि मी बोललों.

दुपारीं पाळी संपल्यावर सूनबाई चहा घेऊन आली. तिनें माझें ओरडणें ऐकलें असलें पाहिजे. पण तो विषय तिनें काढला नाहीं. मींच विचारलें, "तुलाहि असें कोणी बोलतें का?"

"आज एकवीस जण," ती सहज म्हणाली. "सगळे कोंकणांतले. म्हणजे इकडे पुण्या-नगरकडे असलेले, आणि आईवडील तिकडे. त्यांचा राग माझ्यावर नसतो, अण्णा. त्यांना दुसरें कोणी सांपडत नाहीं, मी सांपडतें."

"मग २४ तास, २४ तास हें काय आहे?"

ती थोडी थांबली. मग तिनें मला समजावून सांगितलें. मनोऱ्याला वीज लागते. वीज गेली तर बॅटरी कांहीं तास चालते, मग जनित्राला डिझेल लागतें. झाडें पडून रस्ते बंद असले तर डिझेल पोंचत नाहीं. शिवाय गांवोगांवच्या मनोऱ्यांना जोडणारी तार कोठें ना कोठें तुटलेली असते. ती सांधल्यावांचून एकटा मनोरा उभा राहून उपयोग नाहीं. यांतलें कांहीं तिच्या हातांत नाहीं. तिच्या पडद्यावर फक्त 'सेवा खंडित' अशी अक्षरें येतात आणि खालीं म्हणावयाचें वाक्य येतें.

"पण आज मीं एकाला तें वाक्य म्हटलें नाहीं," ती हळूच म्हणाली. "मंडणगडकडचे होते. आई एकटी. तीन दिवस रोज २४ तास ऐकत होते आणि फोनची वाट पहात घरीं बसले होते. मीं सांगितलें, काका, आठ दिवससुद्धां लागतील. तुम्ही फोनची वाट पाहूं नका. खेडकडून, महाडकडून कोणी त्या बाजूला जाणारें असेल त्याच्या हातीं निरोप धाडा. ते रडूं लागले. पण मग म्हणाले, बरें झालें सांगितलेंस, माझा एक मित्र महाडला आहे."

पुढें महिनाअखेरीस तोच कॉल तपासणीला निघाला. ठरलेलें वाक्य न म्हटल्याबद्दल आणि नेमून दिलेल्या वेळेहून अधिक बोलल्याबद्दल तिचे गुण कापले गेले आणि त्या महिन्याचे बक्षिसाचे दीड हजार रुपये बुडाले. मी रागानें कंपनीला पत्र लिहावयास निघालों होतों. तिनें मला अडविलें. "अण्णा, तें वाक्य न म्हणतांना गुण जाणार हें मला ठाऊक होतें," एवढेंच ती म्हणाली.

गीतेच्या सतराव्या अध्यायांत शरीराचें, वाणीचें आणि मनाचें अशीं तीन तपें सांगितलीं आहेत. वाणीच्या तपाचीं लक्षणें मी दरवर्षीं फळ्यावर लिहून देत असें. बोलण्यानें दुसऱ्याच्या मनाला क्षोभ होऊं नये. तें खरें असावें, गोड असावें, हिताचें असावें. मुलें तें पाठ करीत आणि पेपरांत लिहून गुण मिळवीत. माझ्या घरांत, देवघराच्या भिंतीला लागून, एक मुलगी दिवसाचे आठ तास तें तप करीत होती, आणि त्यांतलें सर्वांत अवघड अंग, म्हणजे गोडपणा न सोडतां खरें बोलणें, तिनें गुण गमावून साधलें होतें. आणि मी भिंतीच्या अलीकडे सोंवळें नेसून बसत होतों.

तिच्या बोलण्यानें मला एक फार जुनी गोष्ट आठवली. १९७९ सालीं माझे वडील गांवीं अत्यवस्थ होते. लखनौ-कानपूर दरम्यान थेट नंबर फिरवून बोलण्याची सोय १९६० सालींच झाली होती. पण आमच्या गांवापर्यंत ती पोंचावयास पुष्कळ अवकाश होता. गांवांत फोन एकच, पोस्टांतला. पुण्याच्या तारकचेरींत जाऊन ट्रंक कॉल लावावा लागे. त्याचे तीन प्रकार असत: ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग, एकाहून एक महाग. मी अर्जंट कॉल लावून रात्रभर बाकावर बसलों. कॉल लागेना. पहाटे तिथल्या ऑपरेटर बाईंनीं मला खिडकीशीं बोलाविलें आणि म्हणाल्या, "लाइन मिळणार नाहीं. मीं दापोलीच्या एक्स्चेंजला विचारलें. पुढची तार तुटली आहे. तुम्ही येथें थांबूं नका, पहाटेची एस्. टी. गांठा." मी तसाच निघालों. संध्याकाळीं पोंचलों तेव्हां वडिलांनीं मला ओळखलें. रात्रीं ते गेले. त्या बाईंनीं "प्रयत्न चालू आहे" असें ठरीव उत्तर दिलें असतें, तर मी बाकावरच बसून राहिलों असतों. त्यांचें नांव विचारण्याचें मला तेव्हां सुचलें नाहीं.

सूनबाईचा सल्ला मींहि मानला. माझा एक जुना विद्यार्थी खेडला बँकेंत नोकरीस आहे. त्याला फोन केला. तो सोमवारीं मोटारसायकल घेऊन निघाला. शेवटचे दोन कोस गाडी ठेवून, पडलेल्या माडांवरून चढत-उतरत पायीं गेला. मंगळवारीं सकाळीं खेडला परत आल्यावर त्याचा फोन आला. घराचे कौल उडाले होते, बागेंतलीं पोफळीचीं झाडें निम्म्याहून अधिक पडलीं होतीं. पण ताई सुखरूप होती. तो पोंचला तेव्हां ती शेजाऱ्यांच्या ओटीवर बसून भिजलेले तांदूळ वाळत घालीत होती. तिनें निरोप दिला होता, "बाळला म्हणावें, फोन गेलाय, मी नाहीं गेलें." वहिनींनीं देवापुढें साखर ठेवली. सूनबाई त्या वेळीं कामावर होती. मीं दाराच्या फटींतून हातानें खूण केली. तिनें बोलणें न थांबवितां मान हलविली, आणि तिचे डोळे भरून आले.

त्या दुपारीं मीं पुन्हां त्या दुसऱ्या कंपनीच्या सेवा-केंद्राला फोन लावला. या खेपेस एक मुलगा होता. मीं शुक्रवारच्या तक्रारीचा क्रमांक सांगितला. तो म्हणाला, "सेवा अजून खंडित आहे, सर. २४ तासांत..." मीं त्याला थांबविलें. म्हटलें, "तक्रार नाहीं. त्या दिवशीं ज्या मुलीनें हा फोन घेतला, तिला मी फार वाईट बोललों. तिला माझा निरोप पोंचवावयाचा आहे कीं, त्या म्हाताऱ्याची चूक झाली."

तो गोंधळला. "सर, असा पर्याय येथें दिसत नाहीं."

"कसला पर्याय?"

"म्हणजे यादींतून निवडावें लागतें. बिल, रिचार्ज, नेटवर्क, कार्ड हरवलें, अशी यादी आहे. क्षमा मागण्याचा मथळा नाहीं."

शेवटीं आम्ही दोघांनीं मिळून ती 'इतर चौकशी' या सदराखालीं नोंदली. त्यानें मला नवा क्रमांक दिला. मग आवाज खालीं आणून म्हणाला, "सर, ती कोण होती हें मला कळणार नाहीं. पण मी आमच्या गटांत सांगेन. असा फोन कोणाला आला नाहीं अजून." त्याचें नांव विचारून मीं तें वहींत लिहून ठेवलें. रात्रीं फोनवर संदेश आला कीं, आपल्या चौकशीचें निराकरण झालें आहे. समाधानाबद्दल १ ते ५ गुण द्यावेत. मीं ५ दिले. निराकरण झालें कीं नाहीं हें अर्थात् त्या मुलीलाच ठाऊक.

या गोष्टीला आतां पुष्कळ दिवस झाले. सूनबाई पुन्हां कचेरींत जाऊं लागली आहे. सोपे प्रश्न हल्लीं यंत्रच सोडवितें. माणसाकडे येतात ते यंत्राला न सुटलेले, म्हणजे अधिक चिडलेल्यांचे. तिच्याकडे नव्या मुलामुलींना शिकविण्याचें काम दिलेलें आहे. म्हणजे माझ्या मनाप्रमाणें ती शिक्षिका झाली म्हणावयाची, मात्र मीं योजलेल्या शाळेंत नव्हे. वहिनी आतां तिच्या पाळीप्रमाणें स्वयंपाकाची वेळ ठरवितात, आणि तिच्या खोलीचें दार बंद असलें कीं नातवंडांना दटावतात.

आमच्या घरीं एक नियम झाला आहे. कोणत्याहि सेवा-केंद्राला फोन लावला कीं आधीं बोलणाराचें नांव विचारावयाचें, तें घेऊन बोलावयाचें, आणि मग तक्रार सांगावयाची. तक्रार खरी असेल तर ठामपणें सांगावी, क्रमांक घ्यावा, पुढें वरिष्ठांकडे दाद मागण्याची तरतूद आहे तीहि वापरावी. त्यांत कसूर करूं नये. पण ज्याच्या हातांत तार जोडणें नाहीं, त्याच्यावर तार तुटल्याचा राग काढूं नये. माझ्या आठ वर्षांच्या नातवालाहि हें पाठ झालें आहे, आणि मी कधीं आवाज चढवूं लागलों तर तोच मला विचारतो, "आजोबा, त्यांचें नांव काय?"

गेल्या आठवड्यांत पर्वतीवर एक जुने सहाध्यायी भेटले. नेहमींचा प्रश्न आलाच. मीं सांगितलें, "ती दूरध्वनी-कंपनीच्या सेवा-केंद्रांत आहे. लोकांच्या तक्रारी ऐकते."

"अरे वा," ते म्हणाले, "मग तिला सांगा, आमचा फोन चार दिवस धड लागत नाहीं."

"सांगतों," मीं म्हटलें, "पण तुम्हीच फोन करा. आणि जरा जपून बोला."